मुळी, खडा आणि सर्पदंशाची लस

पावसाची पहिली झड ओसरून शेतांत पेरणीची लगबग सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास डोकावू लागतो. पत्र कधी बेळगावकडचे असते, कधी गोव्याचे, कधी पार ग्वाल्हेरचे. पण मतलब एकच. आमच्या गावी एक गृहस्थ सापाच्या विषावर मुळी देतात, गुण येतो, पैसा घेत नाहीत, तर ती मुळी घेण्यास ख्रिस्ती माणसास काही हरकत आहे काय?

मुळीबरोबर मंत्र म्हटला जात असेल, तर त्याविषयी काय ते आपल्या धर्मग्रामातील फादरांना विचारावे. तो अधिकार त्यांचा, आमचा नव्हे. आम्ही आज बोलणार आहोत ते निव्वळ मुळीविषयी. ती घेण्यास हरकत आहे की नाही, हे विचारण्यापूर्वी तिचा उपयोग होतो की नाही, हे विचारले पाहिजे. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्हांस स्वतःच्या तर्कावर विसंबण्याची गरज नाही. एका येशूसंघीय धर्मगुरूने आणि एका मराठी डॉक्टराने मिळून ते उत्तर सन १९३१ मध्येच छापून ठेवले आहे.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी आमच्या आजोळची एक गोष्ट सांगतो. आजोळ बेळगावच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात, आणि तेथे असेच एक मुळी देणारे वृद्ध गृहस्थ होते. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. भला माणूस. मध्यरात्री कोणी दार ठोठावले तरी कपाळास आठी न घालता उठायचे, सहाणेवर मुळी उगाळायचे, थोडी दंशावर लावायचे आणि थोडी पोटात द्यायचे. दहाजण आले तर आठजण सकाळी चालत घरी जात, हे आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. तात्यांविषयी पंचक्रोशीत जी श्रद्धा होती ती उगीच नव्हती.

एका आषाढात त्यांचा नऊ वर्षांचा नातू पहाटे तीनच्या सुमारास पोट दुखते म्हणून रडत उठला. मुले जमिनीवर घोंगडी टाकून निजत. अंगावर कोठे व्रण नाही, सूज नाही, रक्त नाही. अजीर्ण झाले असेल म्हणून आजीने ओव्याचा काढा दिला. उजाडण्याच्या सुमारास मुलाच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, जीभ बोबडी वळली, आणि घोट गिळवेना. तेव्हा कोणीतरी घोंगडी झाडली आणि तिच्याखालून काळाभोर, पांढऱ्या आडव्या रेघांचा मण्यार निघाला. तात्यांनी मुळी उगाळली. दुसऱ्यांदा उगाळली. शेवटी बैलगाडी जुंपली, पण ओढा ओलांडण्याच्या आधीच मुलाचा श्वास थांबला.

त्यानंतर तात्यांनी मुळी देणे सोडून दिले, असे सांगता आले असते तर गोष्ट साजरी झाली असती. तसे घडले नाही. लोक येत राहिले आणि तात्या देत राहिले. नातवाची वेळ भरली होती, एवढेच ते म्हणत. दहांतले आठ बरे होताना ज्याने पाहिले, त्याने दुसरे काय म्हणावे?

विषावर असा काही तोडगा असावा, ही आशा केवळ अडाणी माणसांचीच असते असे कोणी समजू नये. सतराव्या शतकात खुद्द गोव्यात गास्पार आंतोनियो नावाचे येशूसंघाचे एक बंधू 'गोव्याचा खडा' म्हणून एक औषधी गोळा बनवीत. तो खरवडून पाण्यातून घेतला असता विष उतरते, अशी ख्याती होती. युरोपातील श्रीमंत लोक सोन्याच्या जाळीदार डब्यांत तो जपून ठेवीत. ते डबे आजही तिकडच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्याच काळी हिंदुस्थानातून सापाचा खडाही तिकडे गेला. दंशावर ठेवला की तो चिकटतो आणि विष शोषून घेतो, असे त्याच्याविषयी सांगत. रोम येथील फादर आथानासियुस किर्खर हे त्या काळचे मोठे विद्वान. त्यांनी तो एका कुत्र्यावर वापरून पाहिला, कुत्रा वाचला, आणि फादरांची खात्री पटली. फ्लोरेन्सच्या दरबारचे वैद्य फ्रांचेस्को रेदी यांची मात्र पटली नाही. त्यांनी सापांकडून जनावरांना दंश करवून असे खडे पुनःपुन्हा लावून पाहिले, आणि जनावरे मरताना पाहिली. सन १६७१ मध्ये त्यांनी हा सारा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो खुद्द फादर किर्खर यांनाच उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपाने. एक कुत्रा वाचला एवढ्यावरून खडा सिद्ध होत नाही, ही साधी गोष्ट एका थोर विद्वानालाही दुसऱ्याकडून ऐकावी लागली.

आता मुंबईकडे येऊ. परळ येथील हाफकिन संस्था ज्या जुन्या वास्तूत आहे, ती जागा एके काळी येशूसंघीयांचीच होती. अठराव्या शतकाच्या आरंभी ती इंग्रजांनी घेतली, पुढे तेथे गव्हर्नर राहू लागले, आणि १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा तेथे आली. या संस्थेत औषधीविज्ञानाचे काम पाहण्यासाठी एक येशूसंघीय धर्मगुरू परत आले, ते फादर जां फर्दिनां कायुस. (जागा अशी उलट पावली परत मिळावी, याची आम्हांस थोडी गंमत वाटते.) फादर कायुस आणि त्यांचे सहकारी डॉ. कृ. श्री. म्हसकर यांना वनस्पतींविषयी तुच्छता मुळीच नव्हती. उलट, भारतीय औषधी वनस्पतींवरील कीर्तिकर आणि बसू यांचा जो थोर ग्रंथ आहे, त्याची नवी आवृत्ती ज्या तिघांनी सिद्ध केली त्यांत हे दोघे होते; तिसरे फादर ब्लॅटर, तेही येशूसंघीय. सांगण्याचे कारण असे की, मुळी खोटी ठरावी या हेतूने काम करणारी ही माणसे नव्हती. एखादी खरी ठरली असती तर त्यांनाच सर्वांआधी आनंद झाला असता.

त्यांनी सर्पदंशावर म्हणून देशभर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती गोळा केल्या. एकेकट्या वनस्पती ३१४, आणि अनेकींची मिश्रणे १८४. विष देण्यापूर्वी औषध देऊन ते विषाला अटकाव करते काय, विषाबरोबर दिले तर ते त्याला मारते काय, आणि विष अंगात भिनल्यावर दिले तर जीव वाचवते काय, अशा तिन्ही बाजूंनी प्राण्यांवर परीक्षा केली. निष्कर्ष एकाच वाक्याचा आहे. त्यांतील एकही वनस्पती, एकही मिश्रण, उपयोगी ठरले नाही. पुढील काळात निरनिराळ्या प्रयोगशाळांतून काही वनस्पतींच्या अर्काने परीक्षानळीतील विषाचा एखादा घटक निष्प्रभ झाल्याचे वृत्तांत आले आहेत. पण दंश झालेला माणूस वाचेल असे औषध त्यांतून अद्याप हाती आलेले नाही.

मग तात्यांकडचे आठजण बरे कसे होत? याचे उत्तर मुळीत नाही, सापात आहे. आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य बिनविषारी. धामण, दिवड, नानेटी, कुकरी, हे चावले तरी माणूस मरत नाही. अंधारात चावलेला साप कोणता, हे पाहिलेले असतेच असे नाही. दुसरे असे की, विषारी सापदेखील प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. विष हे त्याचे भक्ष्य मारण्याचे साधन. माणूस काही त्याचे भक्ष्य नव्हे. त्याने नुसता दात लावला, किंवा अगदी थोडे विष सोडले, तर भीतीने घाम फुटलेला माणूस दोन घटकांत आपोआप सावरतो. सन १८९१ मध्ये व्हिएतनाममधील बाक लियू येथे पूर आला आणि पाण्याबरोबर नाग एका खेड्यात शिरले. त्यांनी निदान चाळीस माणसांना दंश केला; दगावले ते चार. त्या खेड्यात त्या दिवशी एखादा मुळी देणारा असता, तर छत्तीस जीव त्याच्या नावावर जमा झाले असते.

या नागांच्या दंशांनीच पुढील शोधाला चालना मिळाली. सायगाव येथे आल्बेर काल्मेत नावाचे एक तरुण फ्रेंच डॉक्टर होते. आपल्या मुलांना क्षयावर जी बी.सी.जी. लस टोचतात, तिच्या नावातले मधले अक्षर याच काल्मेत यांचे. त्यांनी नागाचे विष थोडे थोडे वाढवीत जनावरांना टोचले आणि असे दाखविले की, त्या जनावराच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी शक्ती निर्माण होते, आणि ते रक्तजल दुसऱ्याला दिले तर तोही वाचतो. सन १८९४ मध्ये हे प्रसिद्ध झाले; त्याच वर्षी पॅरिसच्या फिझालिक्स आणि बर्त्रां यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखविले. आरंभी काल्मेत यांना वाटले, नागाची लस सर्व सापांवर चालेल. तसे नव्हते. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे जी हाफकिन संस्था झाली तिच्यात, काम केलेल्या डॉ. जॉर्ज लॅम यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच दाखवून दिले की, नागाच्या विषावरील लस घोणसाच्या विषापुढे काही करू शकत नाही. ज्या सापाचे विष, त्याच सापाची लस. हे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे. थोड्या वेळाने त्याचे पुन्हा काम पडणार आहे.

म्हणून आज आपल्या दवाखान्यांत मिळते ती लस चार सापांच्या विषांवर मिळून केलेली असते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. (लस हा शब्द रूढ आहे म्हणून आम्हीही वापरतो. खरे पाहता ही आधी टोचून घेण्याची लस नव्हे. दंश झाल्यावर, विषाची चिन्हे दिसल्यावर शिरेतून देण्याचे हे औषध आहे.) घोड्यांना या चारही विषांच्या अल्प मात्रा काही महिने टोचतात, नंतर त्यांचे रक्त काढून त्यातील विषघ्न प्रथिने वेगळी करतात, आणि बहुधा ती वाळवून, भुकटीच्या रूपाने कुपीत भरतात. अशी भुकटी शीतकपाटावाचूनही टिकते, ही खेड्यांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

किती लस लागते, हे आमच्या भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावे. तिचा एक मिलिलिटर घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम विष मारतो. एका कुपीत दहा मिलिलिटर, म्हणजे एक कुपी सहा मिलिग्रॅम विषाला पुरते. घोणस एका दंशात सरासरी त्रेसष्ट मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडतो. यावरून आरंभीच आठ-दहा कुप्या का लागतात, हे शाळकरी मुलासही समजेल. लहान मुलाला ती मोठ्या माणसाइतकीच देतात. लेकराला एवढी सगळी कशी द्यायची, म्हणून पुष्कळ माता घाबरतात. पण सापाने लेकराला विष काही कमी दिलेले नसते. औषध विषाच्या मापाने द्यायचे, शरीराच्या मापाने नव्हे. ही प्रथिने घोड्याची असल्यामुळे क्वचित अंगावर गांधी उठतात, क्वचित धापही लागते. त्यासाठी डॉक्टर दुसरे इंजेक्शन हाताशी तयार ठेवतात. म्हणूनच ही लस घरी नव्हे, दवाखान्यातच घ्यावयाची.

ती रक्तातील विष पकडते. पेशींना एकदा झालेली इजा मात्र ती उलटवू शकत नाही. घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. नाग आणि मण्यार यांच्या विषाने स्नायू लुळे पडून श्वास बंद होतो. मण्यारचे विष मज्जातंतूंच्या टोकांची नासधूस करते, आणि ती सुरू झाल्यावर लसही फारसे काही करू शकत नाही. मग कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर, कधी दिवसेंदिवस, ठेवावे लागते. तरीही असा रोगी बरा होऊन चालत घरी जातो. तात्यांच्या नातवाला मुळी दिली म्हणून तो मेला असे आम्ही म्हणत नाही. मुळी निरुपद्रवीच होती. पण दोनदा मुळी उगाळण्यात गेलेला वेळ निरुपद्रवी नव्हता.

ही एका आजोळची गोष्ट नाही. आपल्या देशात सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आला. सरकारी नोंदींतला आकडा याच्या कितीतरी खाली असतो. कारण बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि घरीच होतात, आणि दवाखान्याच्या वहीत न आलेला मृत्यू मोजला जात नाही. मेलेल्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक मुले पंधरा वर्षांखालची. जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ज्या राज्यांत हे मृत्यू दाटलेले आहेत, त्यांत मध्य प्रदेश आहे, गुजरात आहे, तेलंगण-आंध्र आहे; म्हणजे आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या, वडोदऱ्याच्या आणि हैदराबादच्या वाचकांनी हे दुसऱ्याचे दुखणे समजू नये. सन २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशास दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्याच वर्षी कर्नाटकाने प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली. बेळगावकरांनी आपल्याकडील नोंद खरोखर होते की नाही, याकडे लक्ष ठेवावे.

आता त्या तत्त्वाकडे परत येऊ. लस करण्यासाठी विष लागते, विषासाठी जिवंत साप लागतात, आणि आपल्या देशात हे विष प्रामुख्याने एका ठिकाणाहून येते. तामिळनाडूत चेन्नईजवळ इरुळ नावाचे आदिवासी राहतात. साप पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पूर्वी ते सापांची कातडी विकून पोट भरीत. सन १९७२ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यानंतर तो धंदा बंद झाला आणि त्यांची उपासमार होऊ लागली. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली. हे लोक साप धरून आणतात, सुमारे तीन आठवडे मडक्यांत ठेवतात, आठवड्यास एकदा त्याचे विष काढतात, पोटावरील खवल्यास लहानशी खूण करतात आणि त्यास पुन्हा रानात सोडून देतात. जो साप पूर्वी कातड्यासाठी मरे, तोच आता जिवंत राहून औषध देतो. २०२३ मध्ये यांतील दोघांना, वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना, पद्मश्री मिळाली. ते वाचून आम्हांस झालेला आनंद कित्येक बड्या नावांच्या पदव्या वाचून झाला नव्हता.

परंतु तामिळनाडूतील घोणसाचे विष आणि ग्वाल्हेरच्या घोणसाचे विष एकच असते काय? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनागर आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षे हेच तपासीत आहेत. उत्तर 'नाही' असे आहे. एकाच जातीचा साप, पण प्रदेश बदलला की विषाची घडण बदलते, आणि काही प्रदेशांतील विषापुढे प्रचलित लस दुबळी पडते. चार सापांच्या बाहेरचे जे आहेत, उदाहरणार्थ राजस्थानकडील सिंध मण्यार, त्यांच्यापुढे तर ती अधिकच दुबळी. २०२५ मध्ये या मंडळींनी देशभरातील ३४ ठिकाणांच्या ११५ घोणसांचे विष तपासून असे दाखविले की, तेथील ऊन आणि पाऊस यांच्याशी विषाच्या घडणीचा संबंध आहे; कोरड्या मुलखातील घोणसाच्या विषात प्रथिने कुरतडणारी द्रव्ये अधिक असतात. यावरून कोणी असे समजू नये की लस घेऊन उपयोग नाही. उपयोग आहे, आज दुसरे औषधच नाही. फक्त काही ठिकाणी ती अधिक लागेल, आणि पुढेमागे प्रांताप्रांताच्या विषावर वेगळी लस करावी लागेल. ती करायची तर त्या त्या प्रांतात साप जिवंत असले पाहिजेत.

आणि येथे आमचे कित्येक वाचक भुवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. साप म्हणजे एदेन बागेपासूनचा आपला वैरी. दिसला की ठेचावा, हे आपण आजीच्या मांडीवर शिकलो. पण एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावले, लोकांनी लाखांच्या संख्येने फुरशी मारून आणली, आणि आजही रत्नागिरीच्या कातळावर फुरसे आहेच. मारून साप संपत नाही. मारायला जाणारा माणूस मात्र दंश ओढवून घेतो. शिवाय सापाचे मुख्य अन्न उंदीर. एक धामण शेताभोवती असली तर तुमच्या कणगीतले किती धान्य वाचते, याचा हिशेब घरातल्या कर्त्या बाईने मांडावा. ती धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे खरे नव्हे. सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढून पिण्याची नाहीच. आणि उंदीर आहेत तेथे साप येतो. तेव्हा घरालगतचे सरपण, विटांचा ढीग आणि सांडलेले धान्य हलवणे, हा साप दूर ठेवण्याचा काठीपेक्षा खात्रीचा उपाय आहे.

मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. त्याचे दात बारीक. दंश कळतही नाही. पावसाळ्यात मुलांना खाटेवर निजवावे, आणि खाट नसेल तर मच्छरदाणी चटईखाली नीट खोचून घ्यावी. नेपाळच्या तराईत केलेल्या पाहणीत, २००७ मध्ये, मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो असे आढळले. दीडदोनशे रुपयांची जाळी डास आणि मण्यार दोघांनाही अडवते. रात्री परसाकडे जाताना विजेरी आणि पायांत पायताण असावे. पहाटे कोणी अचानक पोटदुखीने उठला, आणि पापण्या जड होऊ लागल्या, तर व्रण शोधीत बसू नये.

दंश झालाच तर माणसाला धीर द्यावा. धावू देऊ नये. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, पायांतले पैंजण काढावे, कारण पुढे सूज येते. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा. करकचून दोरी बांधू नये; तिने विष थांबत नाही, पाय मात्र काळानिळा पडून कापावा लागतो. ब्लेडने चिरू नये, तोंडाने चोखू नये. साप पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. डॉक्टर चिन्हांवरून ओळखतात. घोणस-फुरशासाठी त्यांच्याकडे एक अत्यंत साधी परीक्षा असते: थोडे रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी तिरपी केल्यावर ते पातळच राहिलेले दिसले, तर विष अंगात आहे. जेथे मोठी यंत्रे नाहीत त्या दवाखान्यातही हे होते.

गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगण, या पाचही राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. सरकारी दवाखान्यात ही लस विनामूल्य मिळते, पण प्रत्येक आरोग्य केंद्रात ती प्रत्येक वेळी असतेच असे नाही. यास्तव आमची एक सूचना आहे. मृगाच्या आधी, एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर, गावातील दोन-चार कर्त्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि तीन गोष्टी विचाराव्या. सर्पदंशाची लस आहे काय. दहा कुप्या आहेत काय. आणि श्वास देण्याचे यंत्र सर्वांत जवळ कोणत्या रुग्णालयात आहे. मिळालेली उत्तरे कागदावर लिहून तो कागद चर्चच्या सूचनाफलकावर लावावा, आणि त्याच्याखाली ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांचे फोन क्रमांक लिहावे. मुळी देणाऱ्या गृहस्थांच्या दारावरही एक प्रत द्यावी. लोक रात्री प्रथम तेथेच जातात, आणि ते बहुधा भले गृहस्थ असतात.